भट्टी थंड असण्याचा एक दिवस

कोलशेतची ती भट्टी वर्षातून एकदाच पूर्ण थंड होते. षष्ठीच्या संध्याकाळी गॅस बंद करतात, नवमीपर्यंत ती निवते, त्या दिवशी पूजा होते, दसऱ्याला सुट्टी असते आणि एकादशीला पहाटे पुन्हा पेटवतात. एरवी रविवारीसुद्धा ती तीनशे अंशांवर ठेवलेली असते, कारण आतल्या विटा वारंवार थंड आणि गरम झाल्या की तडकतात. म्हणजे भट्टी चालवणाऱ्या संगणकाला हात लावायचा तर नवमीलाच. यंदा तो हात मला लावायचा होता. ज्याने तो संगणक बसवला आणि त्यातला प्रोग्राम लिहिला, तो माझा नवरा जानेवारीत गेला होता.

'नवरा गेला' हे मी पहिल्या दिवसापासून न अडखळता सांगू शकत होते. लोकांना ते धैर्य वाटलं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "खंबीर आहेस गं." खंबीर वगैरे काही नव्हते. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. दुखत नव्हतं, एवढंच. दुखत नाही म्हणून मी कामं उरकत सुटले होते. मृत्यूचा दाखला, बँक, विमा, गॅसचं कनेक्शन, लाइटबिलावरचं नाव. प्रत्येक फॉर्म सुवाच्य अक्षरात, प्रत्येक झेरॉक्सवर सही. बँकेतला माणूस म्हणाला, एवढी व्यवस्थित फाइल कोणी आणत नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही.

आमचं दोघांचं ठाण्याला कोपरीत, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एक छोटं वर्कशॉप आहे. कॉलेजात एका वर्गात होतो, तिथेच जमलं, आणि नोकऱ्या सोडून भट्ट्यांची कंट्रोल पॅनेलं बनवायला लागलो. पॅनेल, वायरिंग, तापमान मोजणारे थर्मोकपल, ट्रान्सफॉर्मर हे माझं. प्रोग्राम त्याचा. माझ्या वायरींत तो नाक खुपसायचा नाही आणि त्याच्या कोडमध्ये मी. लग्न टिकायला हे एक कारण पुरेसं होतं असं आम्ही गमतीने म्हणायचो. एके काळी अंबरनाथपासून ठाण्यापर्यंत आमची पॅनेलं होती. मग एकेक कारखाना बंद झाला, त्या जागी टॉवर उभे राहिले, काहींनी तयार नवी यंत्रणा घेतली. होता होता त्याने लिहिलेला प्रोग्राम चालतोय अशी एकच जागा उरली, ही कोलशेतची भट्टी. गाड्यांचे गिअर कडक करायची भट्टी आहे ती.

त्या भट्टीवरचा संगणक नव्वदच्या दशकातला. राखाडी लोखंडी डबा, हिरव्या अक्षरांचा पडदा. त्यात घरच्या संगणकासारखी खिडक्या-चित्रांची सिस्टीम नाही, रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम आहे. घरचा संगणक जमेल तेव्हा काम करतो आणि आपण तोवर गोल फिरणारं चक्र बघत बसतो. भट्टीला ते चालत नाही. ती दर पन्नास मिलिसेकंदांनी विचारते की गॅस वाढवू का कमी करू, आणि तिला त्या वेळेच्या आत उत्तर लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तरही तिथे चूक धरतात. नवरा हे पाहुण्यांना फार रंगवून सांगायचा. मग मी विचारायची, "आणि मी हाक मारल्यावर किती मिलिसेकंद?" तो हसायचा, आणि तेही उशिराच.

ऑगस्टमध्ये भट्टीवरच्या मिस्त्रींचा फोन आला. साठीला टेकलेले, मूळचे चिपळूणकडचे. भट्टी बसली त्या दिवसापासून तेच तिच्यावर आहेत. म्हणाले, "मॅडम, डबा आवाज करायला लागलाय. आधी बारीक कुरकुरायचा, आता दात खाल्ल्यासारखा करतो." हार्ड डिस्क मरायला लागली होती. तसल्या जुन्या डिस्का आता मिळत नाहीत. कारखान्याच्या शेठनी पुण्याच्या एका कंपनीला आधीच विचारून ठेवलं होतं. शेठ माणूस सरळ आहेत, त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. एकादशीला पहाटे भट्टी या संगणकावर पेटली तर चालू द्या. नाही पेटली तर पुण्याचं नवं पॅनेल येईल आणि हे भंगारात जाईल. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," असंही म्हणाले.

मी म्हटलं, नाही वाटत. आणि फोन ठेवून लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक्सची तीन दुकानं फिरून आले.

मला हवं होतं ते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. पूर्वी मोठ्या कॅमेऱ्यांत असायचं, बिस्किटाएवढं. त्यात फिरणारं काही नसतं, म्हणून झिजणारंही फारसं काही नसतं, आणि त्याच्या पिना जुन्या डिस्कच्या भाषेत बोलतात. मध्ये एक साधी पट्टी बसवली की जुन्या संगणकाला वाटतं डिस्कच जोडली आहे. जुनी डिस्क जशीच्या तशी कार्डावर उतरवायची, कार्ड लावायचं, की संगणक फ्लॅशवरून सुरू होतो. हे काम नवऱ्याने इतरांकडे चार-पाच वेळा केलं होतं आणि मी शेजारी बसून पाहिलं होतं. दुसरा इलाज नव्हता, कारण प्रोग्रामची मूळ प्रत आता कुठेच नव्हती. ती त्याच्या लॅपटॉपवर होती. तो लॅपटॉप मी मार्चमध्ये फॉरमॅट केला आणि पुतणीला दिला. तिची इंजिनीअरिंगची ॲडमिशन झाली होती, तिला हवा होता, मी कामं उरकत होते. आत काय आहे ते उघडून बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. सुचलं नाही हे खोटं. बघायचं नव्हतं.

म्हणजे त्या मरायला टेकलेल्या डिस्कवर होता तेवढाच तो उरला होता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

नवमीला सकाळी साडेआठला पोचले. भट्टीजवळ इतकं गार मला कधी लागलं नव्हतं. कारखान्यात झाडलोट चालली होती, झेंडूच्या माळा बांधत होते. मिस्त्रींनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता. मी डबा उघडला, डिस्क काढली, माझ्या लॅपटॉपला जोडली आणि कार्डावर उतरवायला लावली. चारशे वीस एमबी. आजकाल कोणाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ याहून मोठा असतो. पण डिस्क अडखळत होती. मध्येच थांबायची, कर्र करायची, पुन्हा पुढे जायची. तासभर मी पडद्यावरचे आकडे बघत बसले. मिस्त्री दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होते, "येतंय का मॅडम?" मी मान हलवत होते. शेवटच्या टप्प्यातले थोडे तुकडे वाचता आले नाहीत, पण ते रिकाम्या जागेतले होते. बाकी सगळं आलं.

डिस्क बाजूच्या टेबलावर एका वर्तमानपत्रावर ठेवली, कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.

हे होणार हे मला ठाऊक होतं. जुन्या संगणकाला डिस्कची मापं सांगावी लागतात, किती चकत्या, एकेका चकतीवर किती रांगा आणि एकेका रांगेत किती कप्पे. कार्डात चकत्या नसतातच, ते आपलं काहीतरी ठोकून देतं, आणि संगणक भलत्याच रांगेत सिस्टीम शोधत बसतो. मग जुन्या डिस्कच्या लेबलावरची मापं बघून हाताने भरायची. कार्डाने डिस्क असल्याचं सोंग करायचं, अगदी तिच्या मापांसकट. मी लेबलावरचे तीन आकडे भरले आणि पुन्हा बटण दाबलं.

अकरा सेकंदांत सिस्टीम उभी राहिली. पूर्वी दोन मिनिटं लागायची, सगळा वेळ डबा घरघरत असायचा. आता काही आवाज नाही. मिस्त्री म्हणाले, "चालू झाला? काहीच ऐकू नाही आलं." मी हो म्हणणार, तेवढ्यात प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच थांबला. पडद्यावर रोमन अक्षरांतलं मराठी आलं. डिस्क बदलली आहे. खालील क्रमांक फोनवर सांगा आणि कोड घ्या. खाली सहा आकडी क्रमांक, त्याच्या खाली नवऱ्याचा मोबाइल नंबर, आणि मग कोड भरायची रिकामी जागा.

कुलूप! ते मी साफ विसरले होते. फार पूर्वी एकाने आमचा प्रोग्राम परस्पर दुसऱ्या भट्टीवर उतरवून घेतला होता, तेव्हा नवऱ्याने चिडून हे घातलं. प्रत्येक डिस्कला स्वतःचा क्रमांक असतो. तो बदलला की प्रोग्राम अडून बसतो. पुढे मीच कटकट केली होती की आता कोण चोरणार आहे तुझं हे पुरातन प्रकरण, काढून टाक. "काढतो," म्हणाला होता. तो बाथरूमचा नळही काढणार होता आणि माळ्यावरचा जुना पंखाही.

मला वाईट वाटलं नाही. शांतपणे ठरवलं की आज जुनी डिस्क परत लावू. पंधरा दिवस, महिना, चालेल तितकी चालेल, तोवर कुलपाचं बघू. एकादशीला भट्टी पेटली की झालं.

तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "मॅडम, पूजेचा टाइम झालाय. दहा मिनिटं बंद करा. तुम्ही पण या." मी संगणक बंद केला आणि चहाचा कप घेऊन बाहेर गेटपाशी जाऊन उभी राहिले. पूजेला बायका असल्या की हळदीकुंकू देतात. मला द्यायचं की नाही याचा त्या माणसांनी विचार करायला नको, आणि देताना थांबलेला हात मला बघायला नको. आतून आरती ऐकू येत होती, मग नारळ फोडल्याचा आवाज आला. मी चहा प्यायले. कप विसळला.

परत आले तर माझ्या स्क्रूड्रायव्हरला, पकडीला, मल्टीमीटरला कुंकवाची बोटं लागली होती. संगणकाच्या डब्याला माळ. कुंकू पुसायचं जिवावर आलं म्हणून तसंच ठेवलं. डिस्क उचलून जागेवर लावली, वायर जोडल्या, बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि मग तो जळका वास आला. पंचवीस वर्षं त्या धंद्यात काढलेल्या माणसाला तो वास आल्यावर पुढचं बघावं लागत नाही.

मी डिस्क काढली. खालच्या बाजूची सर्किटची हिरवी पट्टी ओली होती. एका चिपशेजारी खोबऱ्याचा बारीक तुकडा चिकटला होता.

मिस्त्री माझ्या खांद्यावरून बघत होते. हळूच म्हणाले, "मी शिंपडलं. नारळाचं पाणी. सगळ्या हत्यारांवर शिंपडतो ना आपण. ही तर मेन वस्तू, म्हणून हिच्यावर जरा जास्तच शिंपडलं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून खाली बसले. "मॅडम, काय केलं मी?"

मला राग यायला हवा होता. तो माणूस दर नवमीला हे करत आला होता. फक्त दरवर्षी डिस्क डब्यात बंद असायची. मी उघडी काढून टेबलावर ठेवली आणि पूजेच्या दिवशी तिला एकटी सोडून चहा प्यायला गेले. चूक धरायची तर माझी धरा. मी म्हटलं, "असू द्या. तुम्हाला काय माहीत." एवढ्या सपाट आवाजात म्हटलं, की ते आणखीच घाबरले.

आता परतीचा रस्ता नव्हता. नवऱ्याचा प्रोग्राम कार्डावर अख्खा होता आणि कुलपाच्या आड होता. कोड मिळाला तर भट्टी पेटणार होती, नाही तर एकादशीला भंगारवाला येणार होता.

मी खुर्ची ओढली आणि आकडे भरायला लागले. आमच्या लग्नाची तारीख भरली. नाही. त्याची जन्मतारीख, मग माझी. मग लेकीची, ती बंगळूरला असते, रोज फोन करते आणि रोज मी तिला जेवले असं सांगते. नाही. त्या तारखा पडद्यावरच्या क्रमांकात मिळवून पाहिल्या, वजा करून पाहिल्या. पहिल्या गाडीचा नंबर. वर्कशॉपच्या गाळ्याचा नंबर. माझी जन्मतारीख तर मी तीन तऱ्हांनी भरून पाहिली. त्या वेळी मला ते कळलं नाही, पण मी कोड शोधत नव्हते. त्याने कुठेतरी आत मला ठेवलंय का, ते शोधत होते. प्रत्येक वेळी पडदा म्हणायचा, कोड चुकीचा. तोही त्यानेच लिहिलेला.

मिस्त्री इतका वेळ मागे उभे होते. काहीतरी करायला हवं या घाईने त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि पडद्यावरचा नंबर लावला. त्यांना पुढे विचारा तर सांगतील की डोक्यातच आलं नाही. डबा अडला की त्या नंबरवर फोन करायचा, असं ते इतकी वर्षं करत आले होते.

माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

त्याचा फोन मी जवळ ठेवते. बँकेचे ओटीपी अजून त्यावर येतात, म्हणून चार्जही करते. मी तो काढला. पडद्यावर आलं होतं, कोलशेत भट्टी. माणसाचं नाव नाही, भट्टीचं. मिस्त्रींचा हात कानाशी तसाच थांबला होता, चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते ते. मी फोन कट करायला हवा होता, पण उचलला.

"हॅलो," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावरच्या क्रमांकाकडे पाहिलं. मग सवयीने जे पुढे यायचं तेच आलं. "डिस्क बदलली. नंबर सांगू?"

"सांगा."

ते पडद्याजवळ वाकले आणि फोनमध्ये नंबर सांगायला लागले. मी लिहून घेत होते. सहा आकडे झाल्यावर कागदाकडे बघितलं तर पडद्यावरचा नंबर वेगळाच.

"मिस्त्री," मी फोन खाली ठेवून विचारलं, "उलटा का वाचलात?"

"उलटाच सांगायचा ना? साहेब पहिल्यापासून बोलायचे, शेवटून सांगा. मी सरळ सांगितला तर ओरडायचे. मग कागद घेतो बोलायचे, आणि मिनिटभरात कोड द्यायचे."

मी विचारलं की असे कोड कितीदा घेतले. ते भट्टीचं रजिस्टर घेऊन आले. पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट झालेली वही. हार्ड डिस्क याआधी तीनदा बदलली होती; नवऱ्याने तयार करून पाठवली होती आणि मिस्त्रींनी बसवली होती. तिन्ही वेळा पडद्यावरचा क्रमांक आणि साहेबांनी सांगितलेला कोड त्यांनी तारखेसकट लिहून ठेवला होता. वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही.

पहिला क्रमांक उलटा लिहिला आणि कोडमधून वजा केला. दुसरा केला. तिसरा केला. तिन्ही उत्तरं सारखी आली. सहा आकडे.

तो आकडा ओळखायला मला क्षणही लागला नाही. जानेवारीपासून मी तो इतक्या फॉर्मांवर लिहिला होता की हात आपोआप लिहायचा. मृत्यूच्या दाखल्यावर, विम्याच्या अर्जावर, बँकेच्या प्रत्येक कागदावर, पत्त्याच्या शेवटच्या ओळीत. डोंबिवली पूर्वेचा पिनकोड.

"पिनकोड?" मी मोठ्याने म्हटलं. "अरे, पिनकोड?"

मिस्त्री दचकले. त्यांना वाटलं मी त्यांना बोलतेय. मी त्याला बोलत होते. मला त्याचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांचा संसार, आणि या माणसाला कुलपासाठी काय सुचलं तर पोस्टाचा नंबर. माझी जन्मतारीख त्याला दरवर्षी आठवण करून द्यावी लागायची, मग इथे तरी का असेल? मी त्याला मनातल्या मनात इतकं बोलले, जितकं जानेवारीपासून कोणालाच बोलले नव्हते. गोळ्या वेळेवर घेत नव्हतास. छातीत दुखतंय हे दोन दिवस दडवलंस. नळ काढला नाहीस, कुलूप काढलं नाहीस, माझ्यासाठी एक चिठ्ठी ठेवली नाहीस. राग येताना अंगाला मुंग्या येत होत्या, मांडी घालून बसल्यावर पाय जागा होतो तशा. ते बरं वाटत नव्हतं. पण निदान वाटत होतं.

मिस्त्री हळूच म्हणाले, "मॅडम, भरून बघा ना."

मी आजचा क्रमांक उलटा लिहिला, त्यात पिनकोड मिळवला, आकडे भरले. कुलूप उघडलं. पडद्यावर भट्टीचं चित्र आलं, साध्या रेघांनी काढलेलं, चार कप्पे, चार ठिकाणची तापमानं. एकतीस, एकतीस, बत्तीस, एकतीस. भट्टी थंड होती आणि तो तिला तिच्या ठरल्या वेळेत उत्तरं देत होता. मिस्त्रींनी पडद्याला हात जोडले. मग माझ्याकडे वळून मलाही जोडले, ते मला आवडलं नाही, मी सामान आवरायला लागले. कार्डाची आणखी एक प्रत काढली आणि पर्समध्ये टाकली. संध्याकाळी पाचपर्यंत सगळं तपासून मी निघाले. शेठ म्हणाले, पुण्याला कळवतो की तूर्त नको. मी बरं म्हटलं.

एकादशीला पहाटे भट्टी पेटली. पूर्ण तापायला तिला एक दिवस आणि एक रात्र लागते. द्वादशीला सकाळी सातच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात पोळ्यांची कणीक मळत होते आणि त्याचा फोन वाजला. कोलशेत भट्टी. कणकेच्या हातानेच उचलला.

"साहेब, आठशे सत्तर," मिस्त्री म्हणाले. "धरून आहे. एक अंश इकडचा तिकडे नाही."

मागे भट्टीचा घुमल्यासारखा आवाज येत होता. 'साहेब' म्हटल्याची चूक मी त्यांना दाखवली नाही. तो अशा वेळी काय विचारायचा ते मला माहीत होतं, इतकी वर्षं शेजारी उभी राहून ऐकलं होतं.

"विटा बघितल्या का?" मी विचारलं.

"बघितल्या साहेब. एकही तडकली नाही."

"बरं. ठेवा मग."

फोन ठेवला आणि परातीपाशी खाली बसून रडले. नऊ महिन्यांनी, आणि चांगली भांडी वाजतील एवढ्या मोठ्याने. तिकडे भट्टी विचारत होती आणि त्याचं उत्तर तिला वेळेवर मिळत होतं. मी काहीही विचारलं तरी मला आता कधीच मिळणार नव्हतं.